स्टुटगार्टचा झेंडा आणि हॉयबर्गची शपथ



भिलाई-दुर्गच्या मोहन नगरातल्या माझ्या या खोलीतून आजवर आपण बऱ्याच लढायांवर बोललो. आज लढाई नाही, सहल आहे. पण दोन निवृत्त फौजी सहलीला निघाले की बरोबर दोन बायका असूनही गाडी शेवटी कुठे जाऊन थांबते, हे तुम्ही ओळखलंच असेल.

माझी मुलगी आणि जावई दक्षिण जर्मनीत, स्टुटगार्टला राहतात. मागच्या उन्हाळ्यात आम्ही दोघं तीन महिने तिकडे होतो. तेवढ्यात पुण्याहून माझ्या कोर्समेटचा फोन आला, "आम्ही येतोय, दहा दिवस, फिरव आम्हाला." तो मराठा लाइट इन्फंट्रीतून कर्नल म्हणून निवृत्त झाला, मी तोफखान्यातून. चाळीस वर्षांची दोस्ती, त्यामुळे एकमेकांचा अपमान करायला दोघांनाही परवानगी लागत नाही. वहिनींनी येतानाच यादी आणली होती: किल्ला, ब्लॅक फॉरेस्ट, मोटारींचं म्युझियम. कर्नलच्या खिशात वेगळी चिठ्ठी होती. तिच्यावर एकच शब्द, हॉयबर्ग.

"हे कुठाय बे?" मी विचारलं. नागपूरकडचा 'बे' आम्हा छत्तीसगडी मराठ्यांच्या जिभेवरून अजून गेलेला नाही.

"तू शोध. तोफखान्याला नकाशा वाचता येतो असं ऐकलंय."

नकाशा मी वाचला. हॉयबर्ग काय आहे हे मला माहीत होतं. पण त्याला तिथे का जायचंय हे त्याने चौथ्या दिवशी सांगितलं, म्हणून तुम्हालाही तेव्हाच सांगतो.

पहिला दिवस स्टुटगार्टचा. तिथल्या मुख्य स्टेशनचं काम २०१० पासून चाललंय. कामं फक्त आपल्याकडेच रखडतात असं ज्यांना वाटतं त्यांनी ते एकदा जाऊन पाहावं. स्टेशनपासून पंधरा-वीस मिनिटं चाललं की लीडरहाले नावाचं संगीतसभागृह लागतं. आजची इमारत १९५६ची, जुनी दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यात गेली. त्या जुन्या सभागृहात ऑगस्ट १९०७ मध्ये आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषद भरली होती. सुमारे नऊशे प्रतिनिधी. लेनिन आणि रोझा लुक्झेंबर्ग त्यात बसलेले. त्यांच्यासमोर २२ ऑगस्टला साडी नेसलेल्या एक पारशी बाई उभ्या राहिल्या, मुंबईच्या मादाम भिकाजी कामा. वय पंचेचाळीस. सोबत सरदारसिंह राणा. हिंदुस्थानातल्या दुष्काळाचं आणि लुटीचं सांगून झाल्यावर त्यांनी एक झेंडा उलगडला आणि सभागृहाला त्याच्यापुढे उभं राहायला सांगितलं.

हिरवा, केशरी आणि लाल असे तीन पट्टे. वर आठ कमळं, मध्ये देवनागरीत 'वंदे मातरम्', खाली सूर्य आणि चंद्र. हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचा ठराव काही मताला टाकला गेला नाही. ब्रिटिश प्रतिनिधींतल्या काहींना तो नको होता आणि नियमांचा आडोसा त्यांना मिळाला. म्हणजे कागदावर त्या दिवशी हाती काहीच आलं नाही. पण परदेशी भूमीवर, परक्या लोकांसमोर एका हिंदी बाईने झेंडा फडकवून झाला होता.

तो झेंडा कोणी तयार केला, यावर आपल्याकडे बरेच वाद आहेत. सावरकरांचं नाव येतं, हेमचंद्र कानूनगोंचं येतं, खुद्द कामाबाईंचं येतं. मी त्यात पडत नाही. झेंडा पुढे १९३०च्या दशकात इंदुलाल याज्ञिकांनी लपवून भारतात आणला आणि आज तो पुण्यात केसरीवाड्यात आहे. हे मी सांगत असताना कर्नल गप्प होता. मग म्हणाला, "माझ्या घरापासून स्कूटरवर दहा मिनिटं. आणि तो कुठे फडकला हे बघायला मी सात हजार किलोमीटर आलो."

दुसऱ्या दिवशी वहिनींचा किल्ला. नॉयश्वानस्टाइनबद्दल मी फार बोलणार नाही. बव्हेरियाच्या दुसऱ्या लुडविग राजाने १८६९ मध्ये बांधायला घेतला आणि १८८६ मध्ये त्याचा मृत्यू झाला तेव्हाही तो अपुरा होता. त्याने कुठला शत्रू कधी थोपवला नाही. देवगिरी किंवा प्रतापगड पाहिलेल्या माणसाला तो किल्ला म्हणवत नाही. पण चित्र म्हणून सुंदर आहे, आणि दोन्ही बायका दिवसभर खूश होत्या. सहलीत हेही महत्त्वाचं असतं.

तिसऱ्या दिवशी म्युनिकजवळचं डाखाउ. म्युनिकहून लोकल, मग बस. आत जायला तिकीट नाही. हिटलर सत्तेवर आल्यावर दोन महिन्यांच्या आत, २२ मार्च १९३३ला ही छळछावणी सुरू झाली आणि २९ एप्रिल १९४५ला अमेरिकन फौजा येईपर्यंत चालली. दोन लाखांहून जास्त माणसं इथे डांबली गेली, त्यांतली एकेचाळीस हजारांहून जास्त परत गेली नाहीत. मी पुष्कळ काही पाहिलेलं आहे, तरी त्या मोकळ्या मैदानातल्या खडीवर चालताना आपल्याच बुटांचा आवाज नकोसा होतो.

दाहगृहापाशी एक पाटी आहे. चार बायकांची नावं. १३ सप्टेंबर १९४४ला इथे गोळ्या घातलेल्या ब्रिटिश गुप्तहेर खात्याच्या चार बायका. त्यांतलं एक नाव नूर इनायत खान.

नूरचा जन्म मॉस्कोचा, १ जानेवारी १९१४चा. आई अमेरिकन, वडील हजरत इनायत खान, मोठे सूफी आणि गवई. ते बडोद्याचे. त्यांचे आजोबा मौलाबक्ष हे सयाजीराव गायकवाडांच्या पदरी होते, आणि बडोद्यातली गायनशाळा त्यांनीच १८८६ मध्ये उभी केली. म्हणजे धागा आपल्या मराठी संस्थानापर्यंत येतो. वडिलांच्या आईकडून नातं टिपू सुलतानाच्या घराण्याशी सांगतात. ही मुलगी पॅरिसजवळ वाढली, लहान मुलांसाठी गोष्टी लिहायची. जून १९४३ मध्ये रात्रीच्या विमानाने तिला फ्रान्समध्ये उतरवलं, काम वायरलेस ऑपरेटरचं. उतरल्यावर काही दिवसांतच तिच्या गटातली माणसं धडाधड पकडली गेली. लंडन परत बोलवत होतं, ती थांबली. ऑक्टोबरपर्यंत, रोज जागा बदलत, तो जड सेट घेऊन तिने संदेश पाठवले. सिग्नलवाल्यांना विचारा, शत्रूच्या शहरात चार महिने म्हणजे काय ते.

पकडल्यावर तिला फोर्झहाइमच्या तुरुंगात ठेवलं. हे गाव स्टुटगार्टहून तासाच्या आत येतं. तिथे दहा महिने हातापायांत बेड्या घालून ती एकटी होती. जेवणाच्या भांड्याच्या बुडावर खरडून शेजारच्या कोठडीतल्या फ्रेंच कैद्यांशी बोलायची. तिने कोणाचं नाव दिलं नाही. त्याच फोर्झहाइमवर २३ फेब्रुवारी १९४५च्या रात्री ब्रिटिश विमानांनी वीसेक मिनिटांत सतरा हजारांहून जास्त माणसं मारली. त्या शहराचा ढिगारा अजून टेकडी होऊन गावाबाहेर उभा आहे. जिच्यासाठी जॉर्ज क्रॉस दिला ती आणि ज्यांनी हे केलं ते, दोघं एकाच राजाचे सैनिक. हे मी लपवून सांगणार नाही.

नूरच्या चरित्रात एक गोष्ट येते. भरतीच्या वेळी तिला विचारलं गेलं, हिंदुस्थानचं काय? तिने सांगितलं की युद्ध संपल्यावर आपली बाजू हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याची असेल.

परतीच्या लोकलमध्ये कर्नल पहिल्यांदा बोलला. "हिने शपथ घेतली इंग्रजांची, आणि सांगून घेतली की माझं मन कुठे आहे. मग ज्यांनी तीच शपथ मोडली त्यांना काय म्हणायचं?"

रात्री जेवणानंतर त्याने थोरल्या काकांची गोष्ट सांगितली. सातारा जिल्ह्यातलं गाव, अठरा-एकोणीसचं वय, मराठा लाइट इन्फंट्री. २१ जून १९४२ला टोब्रुक पडलं आणि तिथल्या हजारो भारतीय जवानांबरोबर काकाही कैद झाले. आधी इटलीच्या ताब्यात, पुढे जर्मनांच्या. १९४५च्या अखेरीस घरी आले. शेती केली, लग्न केलं, १९८८ला वारले. त्या साडेतीन वर्षांबद्दल एक शब्द नाही. बटाट्याला कधी कधी 'कार्टोफेल' म्हणायचे आणि हसायचे, तेवढंच. फौजेचे कागद होते ते त्यांनी स्वतःच बंबात घातले, असं आत्या सांगायची.

"मला एवढंच कळायला हवं," कर्नल म्हणाला, "त्यांनी सही केली होती का नव्हती."

सही कशावर, ते सांगतो. सुभाषबाबू एप्रिल १९४१ मध्ये बर्लिनला पोहोचले. त्याच सुमाराला उत्तर आफ्रिकेत रोमेलच्या हाती भारतीय कैदी लागायला लागले. या कैद्यांतून आझाद हिंद फौज उभी करायची असं ठरलं. जर्मन कागदांत तिचं नाव ९५० क्रमांकाची भारतीय पायदळ रेजिमेंट. सॅक्सनीत केनिग्सब्रुक इथे प्रशिक्षण, दंडावर तिरंग्यावर झेपावणारा वाघ, आणि संख्या सुमारे अडीच-तीन हजार. शपथ हिटलरच्या नावाची होती, भारताच्या लढ्यासाठी, ज्या लढ्याचे नेते सुभाषचंद्र बोस. एका वाक्यात दोन नावं. जगात अशी शपथ दुसऱ्या कोणी घेतली असेल असं मला वाटत नाही.

फौजी नजरेने पाहिलं तर त्या फौजेत काही गोष्टी इंग्रजी फौजेपेक्षा सरस होत्या. जातवार, धर्मवार कंपन्या मोडून हिंदू, मुसलमान, शीख एकाच तुकडीत, एकाच लंगरात. आणि एक गोष्ट तर माझ्या तोंडी तीस वर्षं होती. सॅल्यूट करताना आम्ही 'जय हिंद' म्हणतो ना? तो शब्द जर्मनीतच घडला. आबिद हसन यांनी तो सुचवला असं मानतात. 'नेताजी' हे संबोधनही तिथलंच. ज्या माणसांना स्वतंत्र भारताच्या फौजेत १९४७ नंतर परत घेतलं नाही, त्यांचा नमस्कार मात्र आपण घेतला.

आता दुसरी बाजू. कैद्यांतल्या बहुसंख्यांनी नाही म्हटलं. उपाशी राहून, तारेच्या आत राहून नाही म्हटलं, त्यांची गाणी कोणी गात नाही. आणि ज्यांनी हो म्हटलं त्यांचा नेता ८ फेब्रुवारी १९४३ला कीलहून पाणबुडीतून आशियाकडे निघून गेला. ते गुप्तच ठेवावं लागणार होतं, मान्य. पण मी कंपनी सांभाळलेला माणूस आहे. ज्याच्या नावावर जवानांनी सही केली तो एका रात्रीत नाहीसा झाला, आणि हे लोक हॉलंडच्या किनाऱ्यावर अटलांटिक भिंतीचे पहारेकरी झाले. आम्ही फक्त भारतासाठी लढू असं सांगितलं होतं म्हणत काहींनी हॉलंडला जायला नकारही दिला. पुढे फ्रान्सचा किनारा. ऑगस्ट १९४४ मध्ये फौज वाफेन एसएसच्या हुकमतीखाली गेली. माघारीच्या वाटेवर फ्रेंच गावकऱ्यांवर या फौजेतल्या काहींनी अत्याचार केल्याच्या नोंदी आहेत. नेताजींवर प्रेम करणाऱ्या आपण मराठी लोकांनी तेही वाचलं पाहिजे.

एक तुकडी तर इटलीत पाठवली होती. म्हणजे १९४४च्या उन्हाळ्यात इटलीच्या डोंगरांत दोन्ही बाजूंना भारतीय होते. १० जुलै १९४४ला टायबर नदीच्या खोऱ्यात रायगडच्या यशवंत घाडग्यांनी एकट्याने मशीनगनच्या मोर्च्यावर चाल केली आणि तिथेच पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. माणगावला त्यांचा पुतळा आहे. ९ एप्रिल १९४५ला सेनिओ नदीवर नामदेव जाधवांनाही तेच पदक. दोघेही मराठा लाइट इन्फंट्रीचे, कर्नलच्या काकांच्याच रेजिमेंटचे.

पाचव्या दिवशी बायकांना मुलीबरोबर बाजारात सोडून आम्ही दोघं गाडीने दक्षिणेला निघालो. ट्युबिंगेन मागे पडलं, डोंगर चढत गेलो. श्टेटन नावाचं गाव आहे, पूर्ण नावात पुढे 'थंड बाजार' असं शेपूट आहे. मे महिन्यातही जॅकेट काढवेना, तेव्हा नावावर विश्वास बसला. त्याच्या कडेला हॉयबर्गची छावणी. आजही जर्मन फौजेचा सराव तिथे चालतो, त्यामुळे आत जाता येत नाही. रस्त्याच्या कडेला गाडी लावून कुंपणाबाहेर उभे राहिलो. पलीकडे माळ, पाइनची रांग आणि बराकींची छपरं. छावण्या सगळीकडे सारख्याच दिसतात. देवळालीत उभा आहे असं क्षणभर वाटलं.

इथेच १९४४-४५चा हिवाळा त्या फौजेने काढला. आठ-नऊशे मीटर उंची, बर्फ, हरलेलं युद्ध. याच कुंपणाआड १९३३ मध्ये हिटलरने स्वतःच्या देशातले विरोधक डांबले होते. आणि त्याच हिवाळ्यात इथे जनरल व्लासोव्हच्या रशियन सेनेची दुसरी डिव्हिजन उभी होत होती, म्हणजे जर्मन गणवेशातले पकडलेले रशियन. भिलाईत वाढलेल्या माणसाला हे वाचून काहीतरी होतं. लहानपणी आमच्या कारखान्यात आलेले रशियन इंजिनियर आम्ही पाहिलेत, त्यांच्या पिढीची आपसातली ही लढाई आम्हाला कोणी सांगितली नव्हती. व्लासोव्हला ऑगस्ट १९४६ मध्ये मॉस्कोत फाशी दिलं. आपल्या माणसांचं नशीब वेगळं निघालं, कारण नोव्हेंबर १९४५ मध्ये लाल किल्ल्यात आझाद हिंद फौजेवर खटला सुरू झाला आणि सारा देश त्यांच्या बाजूने उठला.

मार्च १९४५ मध्ये हिटलरच्या युद्धबैठकीत या भारतीय फौजेचा विषय निघाला, त्याची टिपणं राहिली आहेत. तो त्यांना हसला. ही फौज म्हणजे थट्टा आहे, यांची हत्यारं दुसऱ्यांना द्या, अशा अर्थाचं बोलला. हे मी कर्नलला कुंपणापाशी सांगितलं. सांगायला नको होतं.

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "तू काय केलं असतंस?"

मी शिकवणीतलं उत्तर दिलं. शपथ ती शपथ. तो म्हणाला, "कोणाची? आपण संविधानाची घेतली. तो पोरगा पंचम जॉर्जच्या पोराची घेऊन आला होता. त्याचा झेंडा स्टुटगार्टला १९०७ मध्ये फडकून झाला होता, त्याला कोणी सांगितलं का?"

"आणि डाखाउ? त्याबद्दल त्याला कोणी सांगितलं होतं का?"

"तेही नसेल सांगितलं."

मला आजही त्याच्याइतकं मऊ होता येत नाही. कैदेत वीस वर्षांच्या पोराने केलेली सही मी माफ करतो, पण ज्याच्या नावाची शपथ होती तो माणूस कोण आहे हे बर्लिनमध्ये बसलेल्या शिकलेल्यांना माहीत असायला हवं होतं. कर्नलला हे पटत नाही. आमचं भांडण अजून चालू आहे.

हॉयबर्गहून ती फौज वसंतात दक्षिणेला निघाली, कॉन्स्टन्सच्या सरोवराकडे. पलीकडे तटस्थ स्वित्झर्लंड. तिथे पोहोचलो तर सुटलो. पोहोचले नाहीत. अमेरिकन आणि फ्रेंच फौजांनी त्यांना अलीकडेच धरलं आणि ते इंग्रजांच्या ताब्यात गेले. उलट वर्षभर आधी, मे १९४४ मध्ये, फ्रान्समधल्या एपिनालच्या कैदछावणीवर अमेरिकन बॉम्ब पडले, भिंती फुटल्या, आणि सही न केलेल्या भारतीय कैद्यांपैकी सुमारे पाचशे जण चालत चालत त्याच स्वित्झर्लंडमध्ये शिरले होते.

"काका यातल्या कुठल्या रस्त्याने आले असतील?" कर्नलने विचारलं. दोन्ही रस्त्यांवर कार्टोफेलच खायला मिळत होते, एवढंच मी म्हणालो.

संध्याकाळी सरोवराच्या काठी फ्रीडरिक्सहाफेनला पोहोचलो. हवा स्वच्छ होती. पाण्यापलीकडे आल्प्सची बर्फाची रेघ दिसत होती. धक्क्यावर स्वित्झर्लंडच्या रोमान्सहोर्नला जाणारी फेरी उभी होती. मी परतीच्या वेळेचा हिशोब करत होतो, तेवढ्यात कर्नल खिडकीवरून दोन तिकिटं घेऊन आला.

"पलीकडे काय आहे?" मी विचारलं.

"काही नाही. चहा पिऊ आणि परत येऊ."

बोट सुटली. तो पूर्ण वेळ पुढच्या कठड्याला उभा होता, घड्याळाकडे बघत. काठाला लागल्यावर म्हणाला, "चाळीस मिनिटं लागतात रे फक्त."